वनहक्काच्या दाव्याला पुरावा म्हणून काय चालते?

कर्जतच्या कशेळे, खांडस, पाथरज, कळंब या पट्ट्यातल्या वाड्यांत आणि पलीकडे खालापूरच्या चौक-वावोशी बाजूला वनहक्क दाव्यांची गोष्ट निघाली की तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. आमच्याकडे २००५चा कागद नाही, मग दावा करता येईल का? वनखात्याच्या दंडाची पावती आहे, ती जोडली तर आपणच गुन्हा कबूल केल्यासारखे होईल का? आणि दळी आजोबांच्या नावाची होती, तर ती आमची कशी दाखवायची? तिन्ही प्रश्नांमागे समजूत एकच असते. पुरावा म्हणजे कुठल्या तरी कचेरीतला शिक्क्याचा एक भक्कम कागद, आणि तो नसेल तर सगळे संपले. या समजुतीपायी काही जण दावाच करत नाहीत. काही जण तो कागद ‘काढून देणाऱ्या’ एजंटाला पैसे मोजतात. वनहक्क कायद्यात असा एकच कागद मागितलेला नाही. २००८च्या नियमांतला तेरावा नियम पुराव्याचे अनेक प्रकार सांगतो आणि निर्णय घेताना त्यांपैकी एकाहून अधिक प्रकार विचारात घ्यावेत, असे ग्रामसभेपासून जिल्हास्तरीय समितीपर्यंत सर्वांना बजावतो. त्यामुळे एका कागदाच्या मागे धावण्यापेक्षा लहान-लहान पुरावे गोळा करून ते एकमेकांना दुजोरा देतील असे जुळवणे हे तुमचे खरे काम आहे.

सिद्ध काय करायचे, ते आधी ठरवा

पुरावा कशाचा, हे ठरल्याशिवाय कागद गोळा करण्यात अर्थ नसतो. वैयक्तिक दाव्यात तुम्हाला चार गोष्टी दाखवायच्या आहेत: तुम्ही कोण, जमीन नेमकी कुठली, ती १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून तुमच्याकडे आहे, आणि ती तुम्ही पोटासाठी कसता किंवा तिच्यावर राहता. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे अनुसूचित जमातीतले आहेत, म्हणून त्यांना एवढे पुरते. धनगरवाड्यावरचे किंवा अन्य समाजातले ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असतील, तर त्यांना याशिवाय २००५च्या आधी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वनातले वास्तव्य आणि वनावरचे अवलंबन दाखवावे लागते. पुष्कळांना वाटते की तोच तुकडा ७५ वर्षे कसल्याचे दाखवावे लागेल. कायद्याचे शब्द वास्तव्य आणि अवलंबन यांबद्दल आहेत.

आता हातातला प्रत्येक कागद या चार प्रश्नांसमोर ठेवून पाहा. शिधापत्रिका तुम्ही कुठे राहता ते सांगते, कुठला उतार कसता ते सांगत नाही. जातीचा दाखला जमात सांगतो, तारीख सांगत नाही. आधार कार्डावर अनेकांची मोठी भिस्त असते. पण देशातले पहिले आधार मुळात २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले, त्यामुळे २००५च्या ताब्याबद्दल ते काय बोलणार? ओळखीपुरते ते जोडा. दावे अडतात ते बहुतेक याच ठिकाणी. एकाच प्रश्नाचे पाच कागद जोडलेले असतात आणि बाकीच्या प्रश्नांना उत्तरच नसते.

नियमात कोणकोणते पुरावे येतात

- सरकारी अभिलेख: गॅझेटियर, जनगणना, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना, हक्कनोंदी, पट्टे, भाडेपट्टे, शासन निर्णय
- सरकारने दिलेले कागद: मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, रहिवासी दाखला
- जमिनीवरच्या खुणा: घर, झोपडी, सपाटीकरण, बांध, बंधारे
- न्यायालयीन व अर्धन्यायिक आदेश
- नामवंत संस्थांनी केलेले अभ्यास आणि रूढी-परंपरांच्या नोंदी
- संस्थानी किंवा जुन्या राजवटीतले कागद
- विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा जुन्या जागा
- जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ
- दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब

सामूहिक हक्कांसाठी यादी निराळी आहे. गुरे चारण्याच्या जागा, कंदमुळे-रानफळे-चारा आणण्याचे पट्टे, मासे धरण्याचे ओढे, पाणवठे, औषधी वनस्पतींची राने, देवराई, स्मशान हे सारे त्यात पुरावा म्हणूनच धरले आहे. वैयक्तिक दाव्यांच्या धांदलीत वाड्यांकडून हा दावा मागे पडतो. खरे तर तो तुलनेने सोपा आहे, कारण त्याच्या खुणा गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात.

दळीचा प्रश्न वेगळा हाताळा

रायगडात, जुन्या कुलाबा जिल्ह्यात, वनखात्याने डोंगरउतारावरचे तुकडे आदिवासींना नाचणी-वरी पिकवण्यासाठी दिले होते. तीच दळी. नोंद बऱ्याचदा एका नाईकाच्या नावावर असे, आणि प्रत्यक्षात कसणारी घरे अनेक असत. नाईक वारला, घरे वाढली, वाटण्या तोंडी झाल्या, आणि कागदावर मात्र तेच एक नाव राहिले. या जमिनींचा प्रश्न जिल्ह्यात सर्वहारा जनआंदोलनासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरला आहे. तुमच्या घरात दळीचे पुस्तक, पावती किंवा नाईकाच्या नावाचा उतारा असेल, तर ‘अतिक्रमणाचा जुना पुरावा’ एवढाच त्याचा उपयोग करू नका. सरकारने वनजमिनीवर दिलेले पट्टे आणि भाडेपट्टे मालकीहक्कात बदलून मिळण्याचा हक्क कायद्याच्या कलम ३(१) मध्ये स्वतंत्रपणे सांगितला आहे. दाव्यात त्याचा स्पष्ट उल्लेख करा. चार हेक्टरची कमाल मर्यादाही कायद्याने घातली आहे ती कलम ३(१)(क)च्या, म्हणजे साध्या ताब्याच्या जमिनीवर. दळीचा दावा साध्या ताब्याच्या खात्यात टाकणे म्हणजे हातातला मजबूत पुरावा स्वतःहून कमजोर करणे.

नाईकाचे नाव आणि तुमचे नाव यांमधली दरी वंशावळीने भरते. वंशावळ पांढऱ्या कागदावर लिहा: नाईक, त्याच्यासोबत कसणारी घरे, प्रत्येक घरातली पुढची पिढी, आणि आज कोण कुठला तुकडा कसतो. ती ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावात घ्या. जुन्या नोंदींत एकाच माणसाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असते. कुठे आडनाव नसते, तर कुठे आडनावाच्या जागी जमात असते. ही तफावत लपवू नका. ‘अमुक आणि तमुक ही एकाच व्यक्तीची नावे आहेत’ असे वडीलधाऱ्यांच्या जबाबात आणि ठरावात नोंदवून घ्या. मग वरच्या समितीला फक्त नाव जुळत नाही म्हणून दावा बाजूला ठेवणे अवघड जाते, कारण निव्वळ तांत्रिक किंवा प्रक्रियेच्या कारणावरून दावा फेटाळायचा नाही, असे २०१२च्या दुरुस्तीने सांगितले आहे.

जुने गॅझेटियर चाळणार असाल तर एक लक्षात ठेवा. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. म्हणून इथल्या ठाकूर-कातकऱ्यांची माहिती १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये शोधा, कुलाब्याच्या खंडात ती मिळणार नाही. एखाद्याच्या दोन एकरांची नोंद त्यात सापडणार नाही हे खरे. सामूहिक हक्कांच्या आणि तीन पिढ्यांच्या दाव्यांना मात्र त्याचा आधार होतो. तसाच आधार स्थानिक अभ्यासांचाही होतो. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने कातकरी वाड्यांच्या जमिनीच्या प्रश्नावर काम केले आहे, आणि त्या कामावर राजीव खेडकर व डॅनियल बकल्स यांचे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे. अशा नोंदीत तुमच्या वाडीचा उल्लेख असेल, तर त्या पानांची प्रत दाव्याला जोडा.

दंडाची पावती लपवू नका

जुनी दंडपावती किंवा वनगुन्ह्याची नोंद लोक घाबरून पेटीत ठेवतात. दुसऱ्या बाजूने विचार करा. त्या पावतीवर तारीख असते, नाव असते, पुष्कळदा कंपार्टमेंट नंबरही असतो, आणि ती लिहिलेली असते ज्या खात्याचा आक्षेप येण्याची शक्यता सर्वात जास्त, त्याच खात्याने. १९९८ साली अमुक माणूस अमुक कंपार्टमेंटमध्ये नांगरताना सापडला असे त्या खात्याच्याच कागदात असेल, तर १९९८ साली तो माणूस तिथे होता, याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? कायदा आला तोच मुळी अशा जुन्या ताब्याला गुन्ह्याच्या खात्यातून काढून हक्काच्या खात्यात घेण्यासाठी.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्यांच्याकडे पावती नाही, त्यांचा दावा त्यामुळे पडत नाही. दंडपावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या, गुन्हा अहवाल यांचे असणे किंवा नसणे हे दावा फेटाळण्याचे एकमेव कारण होऊ शकत नाही, असे नियम १२-अ चे स्पष्टीकरण सांगते. तेव्हा ‘त्या वेळच्या यादीत तुमचे नाव नाही’ हे उत्तर पुरेसे नाही, हे समितीला लेखी सांगा.

उपग्रहाचा फोटो खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही

सर्वात वजनदार वाटणारा आक्षेप उपग्रह-प्रतिमेचा. फोटोत २००५ साली तिथे शेत दिसत नाही, मग जबाब आणि बांध दाखवून उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. जिथे दाट झाडी दिसते, तिथे शेत होते असे नुसत्या तोंडी सांगण्यावर कोणी मानणार नाही, आणि मानूही नये. पण इथल्या शेतीची रीत पाहा. उतारावर वरकस पीक निघते ते पावसाळ्यात, आणि त्या महिन्यांत सह्याद्रीवर ढग असतात. स्वच्छ प्रतिमा मिळते ती पावसाळा संपल्यावर, तेव्हा नाचणी-वरी कापून झालेली असते आणि उतारावर फक्त सुकलेले गवत दिसते. शिवाय वरकस जमीन काही वर्षे पिकवून काही वर्षे पडीक ठेवली जाते. पडीक वर्षातला फोटो जमीन ‘मोकळी’ दाखवणारच. तुकडेही लहान, काही गुंठ्यांचे. म्हणून नियमाने प्रतिमेला पूरक पुराव्याची जागा दिली, इतर पुराव्याच्या जागी ती बसवता येत नाही असे स्पष्ट केले. फोटोवर बोट ठेवून दावा नाकारला जात असेल तर विचारा: प्रतिमा कोणत्या महिन्याची? त्यावर आमच्या तुकड्याची हद्द कोणी आखली? त्या वर्षी तुकडा पडीक होता का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जबाबात आधीच असेल, तर फोटो तुमच्या विरोधात जात नाही. तो जबाबाशी जुळतो.

जबाब कसा लिहून घ्यायचा

‘जबाब काय, कोणीही देईल’ असे कचेरीत ऐकावे लागते. न्यायालयातही साक्षीदाराचे बोलणे पुरावाच असते. तिथे प्रश्न असतो तो त्याच्यावर विश्वास ठेवावा का, एवढाच. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली प्रदीप प्रभू यांच्या खटल्यात, म्हणजे हा कायदा येण्याच्या अकरा वर्षे आधी, महाराष्ट्रातल्या आदिवासींच्या जमिनींबाबत कागदाखेरीजचा पुरावाही पाहायला सांगितले होते. पण वाडीतल्या चाळीस दाव्यांना एकच छापील मजकूर, फक्त नाव बदललेले, असे जबाब जोडले तर अविश्वासाला कारण मिळते. ज्याला खरेच ठाऊक आहे, त्याच्याच शब्दांत लिहा. वय, वाडी, त्याला हे कसे माहीत (शेजारची जमीन, एकत्र गुरे राखणे, पेरणीला जाणे), तुकड्याच्या चारी बाजूंना काय आहे (ओढा, बांध, कोणाचा तुकडा, कोणते झाड) आणि काय पिकत असे, हे त्यात आले पाहिजे.

तारखेची अडचण येते. जुन्या माणसांना सन आठवत नाही, प्रसंग आठवतात. रायगडात त्यासाठी नेमका प्रसंग आहे: २६ जुलै २००५चा महापूर. कायद्याची तारीख त्यानंतर साडेचार महिन्यांनी येते. ‘पुराच्या त्या पावसाळ्यात या तुकड्यावर काय होते, बांध वाहून गेला का, पुन्हा कोणी घातला?’ असे विचारा. मिळालेले उत्तर सन सांगण्यापेक्षा जास्त खरे वाटते, आणि ते जमिनीवर जाऊन पडताळताही येते. जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा, अशी नियमाची अट आहे. शेजारच्या वाडीतला किंवा गावातला माणूस मिळाला तर उत्तम. नियमात फक्त ‘लिहून घेतलेला’ जबाब मागितला आहे, तेव्हा महागडा स्टॅम्प पेपर लागतोच असे कोणी सांगितले तर तसा नियम दाखवायला सांगा.

अशा पुराव्याने खोटे दावे घुसतील आणि उरलेसुरले रान जाईल, ही भीतीही बोलून दाखवली जाते. तिच्यावर इलाज कायद्यातच आहे. जबाब एकटा पुरत नाही. तो बांधाशी, झाडांच्या वयाशी, पाहणीच्या नकाशाशी जुळावा लागतो, आणि दावा भर ग्रामसभेत वाचला जातो. २००५ साली तो उतार कोण कसत होते, हे तिथे बसलेल्यांना ठाऊक असते. ठरावाला निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असावे लागतात. शेजाऱ्याचा तुकडा स्वतःचा म्हणून सांगणाऱ्याला वाडी गप्प बसून होकार देईल, असे समजणाऱ्याने वाडीतले बांधाचे भांडण पाहिलेले नसावे.

स्थळपाहणीच्या दिवशी

पाहणी ग्रामसभेची वनहक्क समिती करते. दावेदाराला आणि वनखात्याला आधी कळवून ती करावी लागते. कळवल्याच्या पत्राची पोच जपून ठेवा. वन व महसूल कर्मचारी आले तर पंचनाम्यावर त्यांची सही, हुद्दा, तारीख आणि शेरा घ्या. आले नाहीत तर तसे लिहा. नंतर त्यांनी गैरहजेरीचे कारण सांगून हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो.

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. फेब्रुवारीत पाहणी झाली तर घर बंद आणि जमीन ओस दिसते. तेव्हा माणसे वाडीत असतानाची तारीख समितीकडे लेखी मागा.

कागद मिळतील कुठे

- तलाठी, तहसील: सातबारा (‘इतर हक्क’ रकाना नीट पाहा), गाव नमुना १-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही, १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, जुन्या मतदार याद्या
- ग्रामपंचायत: घरपट्टी, जन्म-मृत्यू नोंदी
- शाळा: वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा जनरल रजिस्टरचा उतारा
- वनक्षेत्रपाल कार्यालय आणि अलिबागचा वन विभाग: दळी आणि एकसाली प्लॉटच्या नोंदी, गुन्हा नोंदवह्या, कंपार्टमेंटचे नकाशे

प्रत्येकाने वेगळे हेलपाटे घालण्याची गरज नाही. ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली की संबंधित खात्याने प्रमाणित प्रत द्यायची आहे. वन व महसूल नकाशे आणि मतदार याद्या पुरवणे उपविभागस्तरीय समितीचे कामच आहे, आणि दाव्याचा नमुनाही फुकट मिळायला हवा. एवढे करूनही कागद मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

दावा फेटाळला किंवा क्षेत्र कापले तर

निर्णय कारणांसह लेखी हवा आणि तो तुम्हाला व्यक्तिशः कळवलेला हवा. ‘पुराव्याअभावी नामंजूर’ हा शेरा म्हणजे कारण नव्हे. कोणता पुरावा पाहिला आणि तो का मानला नाही, हे मागा. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागस्तरीय समितीकडे, तिच्याविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत जाता येते. समितीला योग्य वाटले तर आणखी ३० दिवस मिळतात. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर उपविभागीय समितीने तो फेटाळायचा नसतो, फेरविचारासाठी परत पाठवायचा असतो. राज्याच्या अनुसूचित क्षेत्रांत २०२०पासून जिल्हा समितीच्या वरही अपील आहे. रायगड पाचव्या अनुसूचीत नसल्याने ती सोय इथे लागू नाही, त्यानंतरची वाट उच्च न्यायालयाची. म्हणून इथे जिल्हा समितीपुढे जातानाच सगळा पुरावा मांडून जा.

पडताळणीची प्रक्रिया पुरी होईपर्यंत ताब्यातली वनजमीन खाली करून घेता येत नाही, असे कलम ४(५) सांगते. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीतही हा कायदा लागू आहे. फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १३ फेब्रुवारी २०१९चा आदेश त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगित झाला, हेही कोणी जुने कात्रण दाखवून घाबरवत असेल तर सांगा.

क्षेत्र कापणे हादेखील दाव्यात केलेला बदल आहे, त्यालाही कारणे द्यावी लागतात आणि त्यावरही अपील होते. दीड एकर मागून दहा गुंठे मिळाले म्हणून पट्टा परत करू नका. तो घ्या, आणि उरलेल्या क्षेत्राबद्दल हरकत असल्याचे पत्र त्याच आठवड्यात देऊन पोच घ्या. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे आहेत का, नकाशातली हद्द पंचनाम्यातल्या हद्दीशी जुळते का, हे सही करण्यापूर्वी पाहा. ही जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. त्यामुळे पट्टा हाती आल्यावर फार्महाऊसवाल्याचा माणूस ‘साठेखता’चा कागद घेऊन दारात उभा राहिला, तर त्यावर अंगठा देऊ नका.